श्रींच्या पूजेतील जास्वंद : लागवड व निगा

श्रीगणेशाच्या पूजेत दूर्वा, शमी आणि तांबडे फूल यांना विशेष स्थान आहे. तांबडे फूल म्हटले की महाराष्ट्रातील भाविकाच्या मनात प्रथम जास्वंदच येते. मंदिराकडे येणाऱ्या वाटेवर दूर्वांच्या जुडीशेजारी द्रोणात ठेवलेले जास्वंदीचे फूल सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु या फुलाचा एक स्वभाव पुष्कळांच्या लक्षात येत नाही. झेंडू व शेवंतीची फुले खुडल्यावर काही दिवस टिकतात. त्यामुळे ती दूरच्या शेतांतून बाजारात येऊ शकतात. जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी सायंकाळी मिटून जाते. ते फार दूर नेता येत नाही आणि उद्यासाठी राखूनही ठेवता येत नाही.

म्हणून ज्याला नित्य पूजेसाठी ताजी जास्वंद हवी, त्याच्या घराजवळ जास्वंदीचे झाड असणे हाच खरा उपाय आहे. हे झाड कोकणातील परसात वाढते, देशावरील अंगणात वाढते आणि शहरातील सज्जात ठेवलेल्या कुंडीतही वाढते. त्याची निगा कठीण नाही. मात्र ती नियमित असावी लागते. भाविकांना उपयोगी पडावी या हेतूने ती माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

परंपरेतील स्थान

संस्कृतात जास्वंदीस 'जपा' किंवा 'जपाकुसुम' असे नाव आहे. हिंदी भाषक तिला गुडहल म्हणतात, कन्नडमध्ये दासवाळ हे नाव आहे, तर बंगालमध्ये 'जबा' या नावाने हे फूल कालीमातेच्या पूजेत अत्यावश्यक मानले जाते. गणपती अथर्वशीर्षात श्रीगणेशाचे वर्णन तांबड्या फुलांनी पूजिलेला असे आले आहे. नवग्रहस्तोत्राच्या आरंभी सूर्याच्या कांतीला जपाकुसुमाची उपमा दिली आहे.

तत्त्वज्ञानातही या फुलाला जागा मिळाली आहे. स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले असता स्फटिक तांबडा दिसू लागतो. फूल दूर केले की तो पूर्ववत निर्मळ दिसतो. आत्मा मूळचा निर्लेप असून देह व मन यांच्या सान्निध्यामुळे तो सुखी अथवा दुःखी भासतो, हे समजावण्यासाठी सांख्य व वेदान्त या दर्शनांनी हाच दृष्टान्त योजला आहे. घरोघरी सहज दिसणारे फूल असल्याशिवाय आचार्यांनी ते उदाहरणासाठी निवडले नसते.

झाडाची ओळख

जास्वंद हे सदाहरित झुडूप असून ते भेंडीच्या कुलातील आहे. कापूस, अंबाडी व भेंडी ही तिची भावंडे होत. भेंडीचे पिवळे फूल आणि जास्वंदीचे फूल शेजारी धरून पाहिल्यास हे नाते लगेच पटते. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी 1753 साली या वनस्पतीस 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस' असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील उत्तरार्धाचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. भारताप्रमाणेच आग्नेय आशियातही या फुलास मान आहे. मलेशियाने 1960 साली याच फुलाला आपले राष्ट्रीय पुष्प म्हणून स्वीकारले.

साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या असतात. त्यांच्या मधून एक लांब दांडी बाहेर येते. ही दांडी म्हणजे एकत्र जुळलेल्या पुंकेसरांची नळी होय. तिच्यावर पिवळे परागकोश असतात आणि टोकाशी स्त्रीकेसराची पाच लहान बोंडे दिसतात. इतकी सर्व रचना असूनही आपल्या अंगणातील जास्वंदीला बी क्वचितच धरते. त्यामुळे या झाडाची वाढ पिढ्यान् पिढ्या फांद्या लावूनच झाली आहे. आजीच्या परसातील फांदी माहेरवाशिणीने सासरी नेऊन लावावी आणि तिची फांदी पुढे लेकीच्या घरी जावी, अशा रीतीने एकच झाड अनेक घरांत नांदते.

लहान मुलांना या फुलाचा आणखी एक गुण दाखविण्यासारखा आहे. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून काढलेल्या रंगात लिंबाचा रस घातल्यास तो गडद गुलाबी होतो, तर खाण्याच्या सोड्याचे पाणी घातल्यास हिरवट होतो. शाळेत आम्ल व अल्कली ओळखण्यासाठी हा प्रयोग केला जातो.

कोणती जास्वंद लावावी

पूजेसाठी एकेरी पाकळ्यांची गावठी तांबडी जास्वंद सर्वांत सोयीची आहे. ती काटक असते, तिला पुष्कळ फुले येतात व तिची फांदी सहज रुजते. दुहेरी पाकळ्यांची तांबडी जास्वंदही चांगली वाढते. पिवळ्या, केशरी, पांढऱ्या, गुलाबी व दुरंगी संकरित जास्वंदी रोपवाटिकांत मिळतात. त्यांची फुले मोठी असतात, काहींची फुले दोन दिवसही टिकतात. मात्र ही झाडे नाजूक असून त्यांना कीड लवकर लागते. प्रथमच झाड लावणाऱ्याने गावठी जातीपासून आरंभ करावा.

'मिरची जास्वंद' या नावाने मिळणाऱ्या झाडाची फुले कधीच पूर्ण उमलत नाहीत. ती मिटलेल्या मिरचीसारखी खाली लोंबतात. हे झाड त्याच कुलातील असले तरी जास्वंदीहून वेगळे आहे. रोप विकत घेताना हा फरक ध्यानात ठेवावा. शक्य असल्यास फूल आलेले रोपच घ्यावे, म्हणजे रंगाविषयी फसगत होत नाही.

जागा व माती

जास्वंदीला ऊन प्रिय आहे. दिवसातून किमान पाच ते सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत झाड हिरवेगार राहते, परंतु फुले येत नाहीत. 'झाड छान आहे, पण फूल नाही' अशी तक्रार ज्या घरी असते, तेथे बहुधा उन्हाचाच अभाव असतो. सज्जात सकाळचे ऊन येत असल्यास ते उत्तम. विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील कडक उन्हाळ्यात मात्र कुंडीतील झाडाला दुपारी थोडी सावली करावी.

माती भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी. कोकणातील तांबडी माती या झाडाला मानवते. तेथे केवळ पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू नये एवढे पाहावे. देशावरील काळ्या मातीत पाणी फार काळ धरून राहते. तेथे खड्ड्यात वाळू व शेणखत मिसळून माती मोकळी करावी आणि झाड थोड्या उंचवट्यावर लावावे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असे दिसल्यास झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. शेणखत व पालापाचोळ्याचे खत नियमित दिल्याने हा दोष कमी होतो. फार झाल्यास कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह पाकिटावरील प्रमाणानुसार द्यावे.

फांदीपासून रोप

फांदी लावण्यास पावसाळ्याचा आरंभ, म्हणजे ज्येष्ठ व आषाढ हे महिने सर्वांत चांगले. पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

1. निरोगी झाडाची, पेन्सिलीएवढी जाड, अगदी कोवळी नाही व अगदी जून नाही अशी फांदी निवडावी.
2. तिचे वीतभर लांबीचे, तीन ते चार डोळे असलेले तुकडे धारदार कात्रीने कापावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली व तिरका द्यावा, म्हणजे कोणते टोक खाली हे विसरत नाही.
3. खालची पाने काढून टाकावीत. वरची दोन पाने ठेवून तीही अर्धी कापावीत, म्हणजे फांदीतील ओलावा कमी उडतो. कळ्या असल्यास त्या काढाव्यात.
4. वाळू व माती समभाग घेऊन भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीखाली जातील अशा बेताने फांदी रोवावी व भोवतालची माती दाबावी.
5. पिशवी सावलीत ठेवावी. माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये.

साधारणतः चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. नवीन पालवी दिसली म्हणून फांदी उपटून पाहण्याचा मोह टाळावा. कधी कधी मुळे येण्यापूर्वीच फांदीतील साठ्यावर पालवी फुटते. पिशवीच्या खालच्या छिद्रांतून पांढरी मुळे दिसू लागली की रोप तयार झाले असे समजावे. एकाच वेळी चार-पाच फांद्या लावाव्यात. त्यांतील सर्वच जगतात असे नाही. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी फांदीने सहज रुजत नाहीत. त्यांच्यासाठी गुटी कलम करतात अथवा गावठी जास्वंदीच्या खुंटावर कलम बांधतात.

लागवड

जमिनीत लावावयाचे असल्यास दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. त्यात चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरावी. दोन झाडांत पाच ते सहा फूट अंतर ठेवावे. कुंपणासाठी लावताना ते दोन ते तीन फूट चालते. भिंतीला लागून झाड लावू नये. वारा खेळता राहिला नाही तर कीड वाढते.

कुंडी किमान एक फूट व्यासाची असावी व तिला खाली छिद्र असलेच पाहिजे. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवून वर दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत व एक भाग वाळू अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण भरावे. कुंडीच्या काठापासून दोन बोटे जागा पाण्यासाठी मोकळी ठेवावी. दोन-तीन वर्षांनी मुळे कुंडीभर पसरली की झाड मोठ्या कुंडीत हलवावे.

पाणी : सर्वांत महत्त्वाची बाब

घरी लावलेल्या जास्वंदी मरतात त्या पाण्याअभावी जशा मरतात, तशा अतिपाण्यानेही मरतात. स्नान करून रोज झाडाला तांब्याभर पाणी घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे. तुळशीप्रमाणेच जास्वंदीलाही हा नेम लावला जातो आणि श्रावणात भर पावसातही तो सुटत नाही. कुंडीतील माती सतत चिखल राहिली की मुळांना हवा मिळत नाही व ती कुजू लागतात. मुळे कुजलेले झाड पाणी शोषू शकत नाही, त्यामुळे ते कोमेजलेले दिसते. ते पाहून घरातील मंडळी आणखी पाणी घालतात आणि झाड दगावते.

हे टाळण्याचा उपाय अगदी सोपा आहे. पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे व ते कुंडीच्या छिद्रातून थोडे बाहेर येईपर्यंत पुरेसे द्यावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. उन्हाळ्यात कुंडीला रोज, कधी दोन वेळाही पाणी लागते. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरते. पावसाळ्यात बहुधा लागतच नाही. नेम मोडू नये असे वाटत असेल, तर पाणी घालण्याचा नेम झाड पाहण्याच्या नेमात बदलावा. रोज झाडाजवळ जावे, माती पाहावी, पानांची खालची बाजू पाहावी.

कळ्या उमलण्याआधीच गळत असतील तर प्रथम पाण्याची अनियमितता तपासावी. दोन दिवस कोरडे व तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी, असे झाल्यास कळ्या गळतात. फुलकिड्यांमुळेही कळ्या गळतात. अशी कळी उकलून पाहिल्यास आत बारीक किडे हलताना दिसतात. गळलेल्या कळ्या झाडाखाली राहू न देता वेचून नष्ट कराव्यात.

खत

जास्वंद वर्षातील पुष्कळ काळ फुलत राहते, म्हणून तिला खतही थोडे थोडे परंतु नियमित लागते. कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि दोन महिन्यांतून एकदा मूठभर निंबोळी पेंड पुरते. जमिनीतील मोठ्या झाडाला पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या सुमारास घमेलेभर कुजलेले शेणखत द्यावे. ताजे शेण मुळाशी घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळांना इजा होते. या झाडाला पालाशाची गरज अधिक व स्फुरदाची तुलनेने कमी असते. केळीच्या साली बारीक करून खताच्या खड्ड्यात कुजवल्यास त्यातून पालाश मिळते. चुलीची राख चिमूटभर चालते; पण चुनखडीच्या जमिनीत ती टाळावी. खत दिल्यावर पाणी अवश्य द्यावे.

छाटणी व गणेशोत्सवाची फुले

जास्वंदीचे फूल नवीन फुटीवर येते. छाटणी न केलेले झाड उंच वाढते, त्याच्या जुन्या फांद्या खाली उघड्या पडतात व फुले हाताला लागणार नाहीत इतकी वर येतात. छाटणी केल्याने प्रत्येक फांदीला दोन-तीन नवीन फुटी येतात व तितक्या जागी फुले धरतात.

छाटणीनंतर नवीन फांद्यांवर फुले येण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. हा हिशेब भाविकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. भाद्रपदात गणेशोत्सवासाठी भरपूर फुले हवी असतील तर छाटणी ज्येष्ठाच्या आरंभीच उरकावी. आषाढ संपल्यावर छाटणी केली तर उत्सवाच्या दिवसांत झाडावर पालवी असते, पण फुले नसतात. उत्सवापूर्वी आवार स्वच्छ करण्याच्या उत्साहात झाडे छाटली जातात आणि नेमक्या त्याच वेळी फुले बाजारातून आणावी लागतात, असा प्रकार अनेक ठिकाणी घडतो.

छाटताना एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी काढू नये. काप बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर द्यावा. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या प्रथम काढाव्यात. कात्री धारदार व स्वच्छ असावी. छाटलेल्या चांगल्या फांद्या टाकून न देता रोपांसाठी वापराव्यात.

पिठ्या ढेकूण व इतर कीड

जास्वंदीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला शेतकरी मिलीबग म्हणतात. कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी व पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. ही कीड रस शोषते. त्यामुळे पाने आकसतात, शेंडे वेडेवाकडे होतात व कळ्या उमलत नाहीत. तिने टाकलेल्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी वाढते. जास्वंदीवरील गुलाबी पिठ्या ढेकूण 1994 साली कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर पोहोचला, तेव्हा तेथील बागांची व पिकांची मोठी हानी झाली होती. या किडीला क्षुल्लक समजू नये हेच त्यावरून दिसते.

या किडीबरोबर मुंग्या जवळजवळ नेहमीच असतात. मुंग्यांना तो गोड द्रव हवा असतो, म्हणून त्या किडीचे तिच्या शत्रूंपासून रक्षण करतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की कीड आली असे समजून शोध घ्यावा. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याविना पिठ्या ढेकूण आटोक्यात येत नाही. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवली तर मुंग्यांची वाट बंद होते. ताटलीतील पाणी मात्र दोन दिवसांनी बदलावे, अन्यथा त्यात डास होतात.

उपाय पुढील क्रमाने करावेत.

1. कीड थोडी असताना जुन्या दात घासण्याच्या ब्रशने अथवा ओल्या फडक्याने पुसून काढावी.
2. फार किडलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा. तो कचऱ्यात तसाच टाकू नये.
3. झाडावर, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूस, पाण्याचा जोरदार फवारा मारावा.
4. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून सायंकाळी फवारावे. प्रथम दोन-चार पानांवर प्रयोग करून दुसऱ्या दिवशी पाने करपली नाहीत याची खात्री करावी. दर आठवड्याने तीन-चार वेळा फवारणी केल्याशिवाय गुण येत नाही.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. पिठ्या ढेकणाला खाणारा एक लहान भुंगेरा आहे. त्याचे नाव क्रिप्टोलेमस. कॉफीच्या मळ्यांतील कीड रोखण्यासाठी तो 1898 साली भारतात आणला गेला व आता द्राक्ष बागायतदारही त्याचा उपयोग करतात. या भुंगेऱ्याची अळी दिसायला पिठ्या ढेकणासारखीच पांढरी व कापसाळ असते. ती किडीहून आकाराने मोठी, लांब पांढऱ्या झालरींची व चपळ असते. पुंजक्यांमधून अशी अळी फिरताना दिसली तर तिला मारू नये. अज्ञानामुळे आपण आपल्याच रक्षकाला चिरडून टाकतो.

मावा, पांढरी माशी व लाल कोळी यांवरही पाण्याचा फवारा व निंबोळी तेल हेच उपाय चालतात. लाल कोळी कोरड्या उन्हाळ्यात वाढतो. पानांवर बारीक ठिपके व खाली कोळिष्टके ही त्याची खूण होय. खालची एखाद-दुसरी जुनी पाने पिवळी होऊन गळणे मात्र स्वाभाविक आहे; त्यासाठी काही करावे लागत नाही.

पूजेच्या झाडावर विषारी रासायनिक औषधे फवारू नयेत. काही औषधे झाडात भिनतात व धुण्याने जात नाहीत. देवाला वाहिलेले फूल भाविक प्रसाद म्हणून घेतो, डोळ्यांना लावतो, केसांत माळतो. लहान मुले ते तोंडातही घालतात. जास्वंदीचा मध घेण्यासाठी शिंजीर पक्षी व मधमाश्या येतात, त्यांनाही त्या विषाची बाधा होते. फूल थोडे लहान आले किंवा पाकळीला एखादे छिद्र पडले, तरी ते निर्विष आहे याचे समाधान मोठे आहे.

फुले खुडण्याची रीत

फूल सकाळी, पूर्ण उमलल्यावर, देठासह हलकेच खुडावे. फांदी ओढून तोडू नये. त्यामुळे साल सोलली जाते व तेथून रोग शिरतो. पूजेत उमललेले फूल वाहण्याची रीत आहे, तेव्हा कळ्या झाडावरच राहू द्याव्यात. जास्वंदीचे फूल पाण्यात ठेवल्याने फारसे अधिक टिकत नाही. परडीत किंवा केळीच्या पानावर पसरून नेल्यास ते चांगले राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबल्यास पाकळ्या चुरगळून काळ्या पडतात. झाडावरची सर्वच फुले खुडू नयेत. दोन फुले पाखरांसाठी ठेवावीत.

पहाटे फिरावयास निघून रस्त्यालगतच्या कुंपणांवरील फुले विचारल्यावाचून खुडण्याची सवय अनेक गावांत व शहरांत दिसते. देवासाठीच नेतो, असे त्याचे समर्थन केले जाते. ज्या घरातील माणसाने वर्षभर त्या झाडाला पाणी घातले, कीड पुसली, तो सकाळी पूजेला बसतो तेव्हा त्याच्या झाडावर एकही फूल नसते. त्याच्या कष्टाचे फूल त्याच्या संमतीने यावे, हे सांगण्यास शास्त्राधार शोधण्याची गरज नाही. मागितल्यास फूल नाकारणारा गृहस्थ विरळाच. आणि फुलाऐवजी फांदी मागितली तर पुढील वर्षी मागण्याची वेळच येत नाही.

निर्माल्य

वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. ते नदीत अथवा विहिरीत सोडल्यास पाण्यात कुजते व पाण्यातील प्राणवायू कमी करते. जास्वंदीचे फूल मऊ व बुळबुळीत असल्याने त्याचे खत लवकर होते. निर्माल्यातील दोरे, प्लॅस्टिक, चमकीचे कागद वेगळे करावेत. छिद्रे पाडलेल्या जुन्या बादलीत किंवा खड्ड्यात एक थर निर्माल्य व एक थर सुका पालापाचोळा असे रचावे, अधूनमधून हलवावे व पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखावा. दोन ते तीन महिन्यांत काळे, मातीचा वास असलेले खत तयार होते. ते जास्वंदीच्या आळ्यात घालावे.

वर्षभरातील कामे

चैत्र, वैशाख : आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. पाण्याकडे लक्ष द्यावे. लाल कोळी पाहावा.
ज्येष्ठ : आरंभी छाटणी, शेणखत, नंतर फांद्या लावणे.
आषाढ, श्रावण : निचरा पाहावा. नवीन रोपे लावावीत. कुंडीला गरजेविना पाणी देऊ नये.
भाद्रपद, आश्विन : फुलांचा हंगाम. पाऊस उघडताच पिठ्या ढेकणाचा शोध घ्यावा.
कार्तिक, मार्गशीर्ष : शेणखत द्यावे. वाळलेल्या फांद्या काढाव्यात.
पौष, माघ : थंडीत फुले कमी होतात, पाणी व खत बेताने द्यावे.
फाल्गुन : कुंडी बदलणे, हलकी छाटणी, पाणी हळूहळू वाढविणे.

भाविक व देणगीदारांस विनंती

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा वडीलधाऱ्यांचे स्मरण यांनिमित्त अनेक भाविक देवस्थानास रोपे अर्पण करू इच्छितात. ही भावना स्तुत्य आहे. मात्र पावसाळ्यात लावलेले रोप चार महिने आपोआप हिरवे राहते. त्याची खरी परीक्षा फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत असते. लावलेल्या रोपांपैकी पुष्कळशी पहिल्याच उन्हाळ्यात जातात. म्हणून रोप देणाऱ्याने त्याच्या पहिल्या वर्षाच्या पाण्याची व कुंपणाची व्यवस्थाही मनात धरावी. दहा रोपे देऊन विसरण्यापेक्षा एक रोप देऊन उन्हाळ्यात येऊन ते पाहून जावे. जे गावातच राहतात त्यांनी आठवड्यातील एका दिवशी पाणी घालण्याची सेवा स्वीकारल्यास ती देणगीइतकीच मोलाची ठरेल.

दूरच्या भाविकांनी आपल्या घरी एक जास्वंद लावावी. पत्र, पुष्प, फळ व जल यांपैकी काहीही भक्तीने दिलेले भगवंत स्वीकारतो, असे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. घरच्या कुंडीतील एक फूल घरच्या देवाला वाहिले तरी ते श्रींच्या चरणीच पोहोचते. पुढील यात्रेस येताना फुले मिळाली नाहीत तरी चिंता करू नये. आपल्या झाडाची एक चांगली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी. ती येथे येणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भाविकाच्या अंगणात रुजेल.